शाळा सोडायची तर रिकाम्या हातानं सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शिक्षकांनी शाळेबाहेर कोणत्या वाटा धराव्यात यावर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच उंबरठ्यावर उभी होते आणि तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर खूप धीर आला असता. लेखात कोर्सची नावं भरपूर होती, डिजिटल मार्केटिंग, ग्राफिक डिझाइन, अगदी कोडिंगसुद्धा. पण शाळा सोडायची कशी, सोडताना काय काय मागून घ्यायचं, आणि इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून आपल्याला नेमकं काय येतं हे दुसऱ्याला सांगायचं कसं, यावर एक ओळसुद्धा नव्हती. माझा अनुभव असा आहे की शिक्षक अडकतो तो इथेच, कोर्स केला नाही म्हणून नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापावं लागलं तर कापा, पण ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, भाग तेवढा राहू द्या.

मी पाटण तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. कराडहून रोज सकाळची एसटी, संध्याकाळी परत. पगार सुरुवातीला साडेचार हजार होता आणि शेवटी बारा हजार, तोही कधी महिन्याचा महिन्याला तर कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम. २००९ साली शासनानं ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द काढला, म्हणजे पुढे अनुदान मिळायची वाट उघडली, तेव्हापासून आमच्यासारख्या शाळांमध्ये एकच विषय, मूल्यांकन झालं का, वीस टक्के अनुदान आलं का, वीसचे चाळीस कधी होणार. मी दोनदा मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसून आले. घरचे म्हणायचे थांब अजून थोडं, होईल कधीतरी, आणि मी थांबले, कारण मुलं आवडायची आणि विषय आवडायचा आणि खरं सांगायचं तर बाहेर आपल्याला कोण विचारणार असं मनात पक्कं बसलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी आजवर कितीतरी शिक्षकांकडून ऐकलंय. मला काय येतं, मला फक्त शिकवता येतं. बीएस्सी बीएड झालेला, वीस वर्षं सर्व्हिस झालेला माणूस हे बोलतो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूचं सांगते. शालेय साहित्य तयार करणारी पुण्याची एक छोटी टीम होती, ओळखीतून तिथला नंबर मिळाला. त्यांनी विचारलं काय करता, मी म्हटलं विज्ञान शिकवते नववी-दहावीला. पुढे काय बोलायचं ते सुचेना. मग समोरच्या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, धाराविद्युत शिकवताना मुलं कुठे अडकतात? आणि मी अर्धा तास बोलत होते. मी त्यांना सांगितलं की मुलांना विभवांतराची व्याख्या पाठ असते पण बऱ्याच मुलांच्या डोक्यात विद्युतधारा म्हणजे काहीतरी खर्च होणारी वस्तू असते, म्हणजे बल्बमधून जाताना ती थोडी वापरली जाते आणि पलीकडे कमी होऊन बाहेर पडते असं त्यांना वाटतं. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत दोन बल्ब लावले की ही मुलं ठाम सांगतात पहिला जास्त उजळणार. गणित बरोबर सोडवतात, सूत्र घालून उत्तर आणतात, त्यामुळे पेपर तपासताना हे कळतच नाही, कळतं ते चित्र काढायला सांगितल्यावर. पाण्याच्या टाकीचं उदाहरण देऊन काही मुलांना कळतं आणि काहींचा गोंधळ उलट वाढतो, कारण पाईप फुटला की पाणी बाहेर सांडतं आणि वायर तुटली की काहीच सांडत नाही, आणि एका मुलीनं मला हे सरळ विचारलं होतं. त्या बाई लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, आमच्याकडे एमएस्सी झालेली मुलं आहेत, विषय उत्तम येतो, पण चुकीचे पर्याय लिहिता येत नाहीत.

चुकीचे पर्याय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बहुपर्यायी प्रश्नात चार पर्याय असतात, त्यातला बरोबर पर्याय पुस्तकात सापडतो, पण बाकीचे तीन असे लागतात की मूल जिथे खरोखर चुकतं तिथेच ते बोट ठेवेल. मग त्या चुकीवरून कळतं की याला नेमकं काय समजलेलं नाही. उगाच काहीतरी तीन आकडे टाकले तर तो प्रश्न वाया गेला. आणि मुलं कुठे चुकतात याचा साठा कोणाकडे असतो? ज्यानं अकरा वर्षं घटक चाचणीचे गठ्ठे घरी आणून तपासलेत त्याच्याकडे. हा साठा कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही. आमच्याकडे तो आहे आणि आम्ही त्याला काही किंमतच देत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, नोकरी सोडायच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि रोज रात्री दहा मिनिटं बसून, आज शाळेत मी काय केलं ते लिहा. विषय शिकवला असं लिहू नका, काय केलं ते लिहा. बावीस शिक्षकांचं वेळापत्रक बसवलं, त्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या आठवीच्या चौदा मुलांचा सकाळचा जादा तास घेतला, आणि या परीक्षेतून निवड झाली तर मुलाला वर्षाला १२,००० रुपये मिळतात हे पालकांना वाडीवर जाऊन समजावलं. यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी नोंदीसाठीची माहिती भरली, सरल या विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली आधार जुळत नसलेली नावं दुरुस्त केली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तीन मुलं नेली, एकाचं मॉडेल रस्त्यात मोडलं ते तिथे बसून जोडलं. पोषण आहाराचा हिशेब. शाळा सोडून दिलेल्या मुलीच्या घरी चार फेऱ्या. हे सगळं बाहेरच्या जगात काम म्हणूनच मोजतात हो, त्याला तिकडे प्लॅनिंग म्हणतात, डेटा मॅनेजमेंट म्हणतात, कम्युनिटी मोबिलायझेशन म्हणतात. मोठे शब्द वापरायलाच पाहिजेत असं नाही, पण रिझ्युमेत ‘अकरा वर्षे अध्यापनाचा अनुभव’ ही एकच ओळ लिहून पाठवू नका. मी तसाच पाठवत होते, सहा ठिकाणी पाठवला आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नाही.

वही दोन-तीन महिने लिहिलीत की अजून एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्याला शिकवण्यातलं नेमकं काय आवडतं. कुणाला मुलांच्यात रमायला आवडतं, कुणाला विषय फोडून सोपा करायला, कुणाला कार्यक्रम उभा करायला, कुणाला एकेका मुलाशी शांतपणे बोलायला. पुढचं काम निवडायचं ते यावरून. ज्याला मुलांचा गलका हवाहवासा वाटतो त्यानं दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचं काम घेतलं तर तो सहा महिन्यांत आजारी पडेल, पगार कितीही असो. मी तीन-चार जणांचं असं झालेलं जवळून बघितलंय.

आता कामांबद्दल. मला ज्यातलं माहीत आहे तेच लिहिते.

माझं काम म्हणजे पाठ, वर्कशीट, शिक्षक मार्गदर्शिका लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं. सुरुवात फ्रीलान्सनं झाली. पहिलं काम ४० वर्कशीटचं होतं, त्याचे आठ हजार मिळाले आणि ते तीन महिन्यांनी मिळाले, म्हणजे हिशेब केला तर शाळेपेक्षा काही फार बरं नव्हतं. पण दीड वर्षात हात बसला, आता कॉन्ट्रॅक्टवर महिना अठ्ठावीस हजार मिळतात आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. सेमी इंग्रजीला शिकवलेल्या शिक्षकांना इथे जास्त मागणी आहे कारण आपल्याला रेझिस्टन्स आणि रोध दोन्ही शब्द तोंडात असतात आणि मुलं कुठला शब्द बोलतात तेही माहीत असतं. भाषांतराची कामंही याच वाटेनं येतात. पण यात लेखी कबुली घेतल्याशिवाय काम सुरू करू नका, किमान ईमेलवर तरी, किती पानं, किती पैसे, कधी देणार, दुरुस्त्या किती वेळा. शिक्षकाला पैशाचं बोलायला लाज वाटते आणि लोक त्याचा फायदा घेतात. बालभारतीच्या अभ्यासगटांमध्ये शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना घेतात, एससीईआरटीच्या (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) प्रशिक्षणांसाठीही साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारे, म्हणून शिक्षकच असतात, तर नोकरीत असतानाच तिथे जायची संधी आली तर सोडू नका. मानधन थोडं असतं पण तिथे जे शिकायला मिळतं आणि जी माणसं भेटतात ते फार मोलाचं आहे.

दुसरं, संस्थांमधलं काम. ‘प्रथम’ ही संस्था सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्याकडे लहान आणि फार चांगलं काम करणाऱ्या संस्था आहेत, आमच्याच जिल्ह्यात फलटणला प्रगत शिक्षण संस्था आहे, पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट आहे. मुलं वाचायला कशी शिकतात यावर या लोकांनी जे केलंय ते बघून आपण बीएडला काय शिकलो असा प्रश्न पडतो. अशा ठिकाणी शिक्षकांना प्रशिक्षण देणं, शाळाभेटी, साहित्य तयार करणं ही कामं असतात. पण जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, बऱ्याच संस्थांचा पैसा कंपन्यांच्या सीएसआरमधून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, तो पैसा प्रोजेक्टला मिळतो, आणि प्रोजेक्ट एक वर्षाचं, फार तर तीन वर्षांचं असतं. मार्च आला की सगळ्यांच्या मनात धाकधूक, पुढच्या वर्षीचं फंडिंग आलं का. तेव्हा इंटरव्ह्यूला सरळ विचारा, हे प्रोजेक्ट कधीपर्यंत आहे आणि त्यानंतर माझं काय. विचारायचा आपल्याला हक्क आहे आणि चांगली संस्था खरं उत्तर देते. फिरती किती, मुक्काम किती, गाडीखर्च कोण देणार हेही विचारा, विशेषतः बायकांनी, कारण गावोगावच्या शाळाभेटीला शेवटची एसटी चुकली की काय होतं ते आपल्यालाच माहीत.

विशेष मुलांसोबत काम करायची ओढ असेल तर स्पेशल एज्युकेटरची गरज दिवसेंदिवस वाढतेय, शहरात तर फारच. पण त्याला भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं मान्यता दिलेलाच कोर्स लागतो आणि परिषदेकडे नोंदणी लागते, हा १९९२ चा कायदा आहे. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट देणारे खूप निघालेत, पैसे भरण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव आहे का ते बघा. समुपदेशनाचंही तसंच, मुलांच्या मनाशी खेळ नको, नीट शिकूनच करा.

ज्यांना मुळातूनच शिकायचंय, विज्ञान मुलांना कसं समजतं यात खोल जायचंय, त्यांनी मुंबईला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र एकदा तरी बघून यावं, आणि तिथून जवळच देवनारला टीआयएसएस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. माझं तेवढं शिकायचं राहून गेलं याची मला खंत आहे.

एडटेकबद्दल, म्हणजे ऑनलाइन शिकवणी विकणाऱ्या कंपन्यांबद्दल जपून. २०२०-२१ मध्ये कोरोनात या कंपन्यांनी भराभर माणसं घेतली आणि २०२२ पासून हजारोंनी काढली, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. माझी एक मैत्रीण, गणिताची उत्तम शिक्षिका, २०२१ मध्ये एका कंपनीत गेली. पदाचं नाव होतं अकॅडमिक कौन्सेलर. काम काय, तर रोज पालकांना फोन करून कोर्स विकायचा आणि पैसे नसतील तर हप्त्यावर कर्ज घ्यायला लावायचं. पगार शाळेच्या तिप्पट होता. तिनं एका रिक्षावाल्या पालकाला ५० हजारांच्या कोर्ससाठी तयार केलं आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही, दुसऱ्या महिन्यात टार्गेट पूर्ण झालं नाही आणि पाचव्या महिन्यात नोकरी गेली. नावावर जाऊ नका. दिवसातले किती तास शिकवायचं आणि किती तास विकायचं हे विचारा, टार्गेट आहे का विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर तिथून उठा.

सरकारी नोकरीतल्यांसाठी केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, एमपीएससीतून शिक्षण सेवा, डाएटमधली (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतली) पदं अशा वाटा आहेत, त्या बऱ्याच जणांना माहीत असतात म्हणून जास्त लिहीत नाही. मात्र एक सांगते. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल आल्यापासून पहिली ते आठवीला शिकवणारे खूप जण घाबरलेत. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय, आणि त्याआधी १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, जीआर आल्यापासून अतिरिक्त ठरायची भीती आहेच. माझ्या नात्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी ४६ व्या वर्षी तडकाफडकी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं, या वयात मी परत परीक्षा देऊ का म्हणून. मी त्यांना एवढंच म्हटलं, काका, भीतीनं घेतलेला निर्णय मे महिन्यापर्यंत पुढे ढकला. तोवर रोज तासभर अभ्यास करा आणि सर्व्हिस बुक बघून या. ते सर्व्हिस बुक बघायला गेले तेव्हा कळलं की त्यांची नोकरी एकोणीस वर्षं आठ महिने झालीय.

हे का महत्त्वाचं ते आता सांगते, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेत आणि जुन्या पेन्शनमध्ये आहेत त्यांनी राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यातला फरक नीट समजून घ्या. १९८२ च्या पेन्शन नियमांनुसार २० वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळतं. राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा गेली, पेन्शन गेलं. एका शब्दाचा फरक आहे, अर्जावर काय लिहिलं याचा. २००५ नंतरचे लोक एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत आहेत, त्यांचंही मुदतीआधी बाहेर पडलं तर सगळे पैसे हातात येत नाहीत, मोठा भाग पेन्शनसाठीच गुंतवावा लागतो, तेव्हा आपला प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचा नंबर घेऊन खात्यावर खरंच किती जमा आहे ते आधी बघा. आमचे गुरुजी २००५ नंतरचे, त्यामुळे त्यांना वीस वर्षांचा तो फायदा नाही असं निघालं, पण हे त्यांना राजीनामा लिहायच्या आधी कळलं एवढं तरी झालं. ते अजून नोकरीत आहेत आणि टीईटीचा अभ्यास करतायत.

खासगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. राजीनामा दोन प्रतीत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची, हे कायद्यातच आहे. कायम शिक्षकानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची. काही ठिकाणी नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवतात, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात. तुमची डिग्री तुमची आहे, ती जमा करून घ्यायचा कुणाला अधिकार नाही, आधी ती ताब्यात घ्या आणि मगच सोडण्याची भाषा काढा.

आणि ग्रॅच्युइटी. ही मला माहीतच नव्हती. मला वाटायचं ग्रॅच्युइटी म्हणजे सरकारी लोकांना आणि कारखान्यातल्या लोकांना. शाळा सोडल्यावर आठ महिन्यांनी बँकेत काम करणाऱ्या एका नातेवाइकाकडून कळलं की १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय) २००९ साली दुरुस्ती करून शिक्षकांना आणलंय, तेही ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरून, आणि खासगी शाळांनी त्याच्याविरुद्ध केलेल्या केसेस सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळल्यात. म्हणजे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी शाळेत सलग पाच वर्षं झालेल्या शिक्षकाला ग्रॅच्युइटी द्यावीच लागते, अनुदान असो नसो. हिशेब सोपा आहे, शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझा पगार १२ हजार, वर्षं ११, तर ७६ हजार रुपये होतात. मी अर्ज दिला तर संस्थेतून सांगण्यात आलं की आपल्याकडे अशी पद्धत नाही. मग मी कामगार आयुक्त कार्यालयात गेले, तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं, संस्थेला नोटीस गेली आणि सात महिन्यांनी चेक आला. त्या ७६ हजारांत मी लॅपटॉप घेतला, त्याच्यावर हे पत्र टाइप करतेय. माझ्या आधी ती शाळा सोडून गेलेले पाच जण होते, दहा-दहा वर्षं काम केलेले, एकालाही हे माहीत नव्हतं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचंही तसंच, आपला यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर काढा आणि कापलेले पैसे खरंच भरलेत का बघा.

पैशाचं आणखी थोडं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर उडी मारू नका. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत नवं काम करून बघा, आवडतं का, जमतं का, पैसे वेळेवर येतात का. पण नोकरीत असताना बाहेरचं काम करायचं तर लेखी परवानगी घ्या, शाळेचे नियम तसे आहेत, आणि खासगी शिकवणी तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकाला बंदच आहे. उद्या वाकडं आलं की हेच काढून दाखवतात.

आणि दहावीचा वर्ग मध्येच सोडू नका. हे कुठल्या नियमात बसवून सांगत नाही, माझी विनंती समजा. मी नोव्हेंबरमध्येच निघू शकत होते, काम हातात होतं, पण बोर्डाचं वर्ष होतं. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मुलं एसटी स्टँडवर भेटायला आली होती, बाई तुम्ही पुढच्या वर्षी नसणार ना म्हणून एक मुलगी रडत होती. मीही रडले. अजूनही जूनच्या पंधरा तारखेच्या आसपास, शाळा सुरू होतात त्या दिवसांत, मला दोन-तीन दिवस काही सुचत नाही.

लोक बोलतात. शिक्षकी पेशा म्हणजे व्रत, ते सोडलंत? माझ्या सासऱ्यांनीही हे विचारलं. मी त्यांना म्हटलं, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० एवढीच सहा वर्षं होते. नंतर त्यांनी जे लिहिलं, ‘साधना’ साप्ताहिक काढलं, ते सगळं शिकवणंच होतं की. ताराबाई मोडक राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, ती नोकरी सोडून भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाईंकडे गेल्या आणि पुढे बोर्डी, कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. माझी त्यांच्याशी तुलना नाही, ती माणसं फार मोठी. पण माझ्या वर्कशीटवर आज जी मुलं बल्बचं चित्र काढतात तीही माझीच मुलं आहेत असं मला मनापासून वाटतं. सासरे त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्कशीट मागून घेतलं आणि चष्मा लावून सोडवत बसले.

शेवटी दोन विनंत्या. एक तुम्हाला, की पुरवणीत कोर्सच्या जाहिरातींइतकी जागा या कागदपत्रांच्या माहितीलाही द्या, एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलांकडून ग्रॅच्युइटी, पीएफ, राजीनामा यावर सविस्तर लिहून घ्या. गावोगावच्या विनाअनुदानित शाळांत तुमचा पेपर येतो, स्टाफरूममध्ये तो पानापानानं वाटून वाचला जातो हे मी अकरा वर्षं बघितलंय.

दुसरी संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना. जाणाऱ्या शिक्षकाला अनुभवाचा दाखला द्या. त्यात तारखा, विषय, इयत्ता आणि त्यानं केलेली जास्तीची कामं लिहा. पगार देता आला नाही हे आम्ही समजून घेतलं, वर्षानुवर्षं समजून घेतलं, पण एका कागदाला काही खर्च येत नाही. वर जिच्याबद्दल लिहिलं त्या गणिताच्या मैत्रिणीला नंतर एका चांगल्या संस्थेत काम मिळत होतं, त्यांनी फक्त आधीच्या शाळेचा नऊ वर्षांचा दाखला मागितला होता. ती तीन वेळा शाळेत जाऊन आली, साहेब बाहेर गेलेत, पुढच्या सोमवारी या, शिक्का नाहीये. त्या संस्थेनं दीड महिना वाट बघितली आणि दुसऱ्याला घेतलं. तिला तो दाखला अजून मिळालेला नाही.

आपली,
एक माजी विज्ञान शिक्षिका, कराड